साठाव्या नंबराचं नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला गोल्फवरचा लेख वाचला. शहरातली मोक्याची जमीन अडवणारा, पाणी पिणारा, मूठभर पैसेवाल्यांचा खेळ, असा त्याचा एकंदर सूर होता. शेवटच्या परिच्छेदात व्यावसायिक गोल्फपटूंनाही त्याच पंगतीत बसवून लेखक मोकळे झाले आहेत. एकेका स्पर्धेला कोटीचं बक्षीस असतं, मग यांना काय कमी, अशा अर्थाचं एक वाक्य तिथे आहे. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी इंदूरची. रामबागेत राहते. एका सहकारी बँकेत खतावणीवर नोकरी केली, आता निवृत्त आहे. गोल्फची काठी मी आयुष्यात हातात धरलेली नाही आणि गुडघ्यांची अवस्था पाहता यापुढे धरीन असंही वाटत नाही. पण माझा भाचा, धाकट्या भावाचा मुलगा, व्यावसायिक गोल्फ खेळतो. भाऊ इंदूरजवळच्या महू छावणीत लष्करी कचेरीत कारकून होता, त्यामुळे पोराचं बालपण छावणीच्या मैदानाच्या कुंपणापाशी गेलं. त्याचा जमाखर्च पहिल्या हंगामापासून माझ्याकडे आहे. खेळ त्याचा, वही माझी. त्याचे आकडे मात्र इथे देणार नाही. 'आत्या, काय लिहायचं ते लिही, पण माझं नाव आणि माझी बेरीज नको,' अशी त्याची अट आहे आणि ती रास्त आहे.

लेखातलं जमिनीचं आणि पाण्याचं म्हणणं मला बरंचसं मान्य आहे. आमच्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून, सत्तरेक किलोमीटर वाहून आणतात आणि तरी नळ एक दिवसाआड येतो. हिरवळीला प्रक्रिया केलेलं सांडपाणीच घाला, असा कायदा उद्या झाला तर मी टाळ्या वाजवीन. क्लबांच्या सभासदत्वाबद्दल लेखकानं जे लिहिलंय त्यातही खोटं काही नाही. पण क्लबचा सभासद आणि त्या क्लबवर चार दिवस खेळायला आलेला व्यावसायिक खेळाडू ही दोन वेगळी माणसं आहेत, एवढं तरी लक्षात घ्यायला हवं होतं. आपल्या देशातल्या बऱ्याच व्यावसायिक स्पर्धा मंगळवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतात. शनिवार-रविवारी मैदान सभासदांना लागतं. रविवारी सकाळी तिथे टोपी घालून फिरणारी मंडळी बघून लेख लिहिला, तर ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस शुक्रवारी रात्रीच गाडीत बसलेला असणार.

आणि हा माणूस येतो कुठून? अली शेर दिल्लीच्या क्लबात कॅडी होते, दुसऱ्यांच्या पिशव्या वाहायचे. १९९१ साली इंडियन ओपन ही देशातली मानाची स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू, आणि १९९३ ला त्यांनी ती पुन्हा जिंकली. एस. एस. पी. चौरसियांचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात हिरवळ राखायचे. मुलगा तिथेच बघून बघून शिकला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन घेऊन गेला. आमच्या महूचे मुकेश कुमार यांनी देशातल्या व्यावसायिक स्पर्धा शंभराहून जास्त वेळा जिंकल्या. आशियाई टूरवरचं पहिलं विजेतेपद त्यांना मिळालं ते २०१६ च्या डिसेंबरात, दिल्लीत, वयाच्या ५१ व्या वर्षी. ज्या वयात आमच्या बँकेतली पुरुषमंडळी स्वेच्छानिवृत्तीची गणितं मांडायची, त्या वयात. ह्या नावांत धनदांडगा कोण आहे ते लेखकांनी मला दाखवावं.

आता कोटीचं बघू. बक्षिसाची रक्कम एक कोटी, हे खरं. पण ती एका माणसाची नसते. आपल्याकडची मुख्य मालिका म्हणजे प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया. सगळे तिला पीजीटीआय म्हणतात. २००६ पासून ती चालू आहे. एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला त्यातले पंधरा लाख मिळतात. उरलेले पंच्याऐंशी लाख खाली उतरत्या क्रमानं वाटत जातात, आणि ते सगळ्यांपर्यंत पोचत नाहीत. स्पर्धा चार दिवसांची, रोज अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे अठरा खड्डे. दोन दिवस झाले, छत्तीस होल झाले, की रेघ मारतात. पहिले पन्नास आणि पन्नासाव्याशी बरोबरी करणारे जेवढे असतील तेवढे पुढे खेळतात, बाकीचे घरी. ह्या रेघेला कट म्हणतात. सुरुवात सव्वाशेच्या आसपास खेळाडूंनी झालेली असते. म्हणजे अर्ध्याहून जास्त लोक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवी आवरतात आणि त्यांच्या जमेच्या रकान्यात त्या आठवड्यापुढे शून्य पडतं. कमी नाही, थोडं नाही, शून्य. भत्ता नाही, गाडीभाडं नाही.

नावे बाजू मात्र रिकामी राहत नाही. प्रवेश शुल्क आधीच भरलेलं असतं. सोमवारी सराव करायचा तर रविवारी पोचावं लागतं, म्हणजे खोली रविवारपासून. खोली दोघंतिघं मिळून घेतात. भाचा ज्यांच्याबरोबर राहतो त्यातला एकजण घोरतो, पण वाट्याचे पैसे वेळेवर देतो, त्यामुळे त्याला बदलायचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मग कॅडी. कॅडीला आठवड्याचा ठरलेला मेहनताना द्यायचा असतो, कट पार होवो न होवो. बक्षीस मिळालं तर त्यातला वाटा वेगळा. मोठे खेळाडू स्वतःचा कॅडी गावोगावी नेतात, त्याचं भाडं, त्याचं जेवण, सगळं खेळाडूवर. लहान खेळाडू त्या त्या मैदानावरचा स्थानिक कॅडी घेतात. त्याला तिथल्या हिरवळीचे चढउतार ठाऊक असतात, हा फायदा. पण ह्या पोराचा चेंडू कुठल्या काठीनं किती लांब जातो हे त्याला ठाऊक नसतं. त्यावरून घरात एकदा बरीच चर्चा झाली. मी खर्चाच्या बाजूनं बोलले, भाचा खेळाच्या बाजूनं, आणि भावजय दोघांना जेवायला चला म्हणून.

मग पिशवी. चौदा काठ्यांपर्यंत मुभा असते आणि ती पिशवी विमानात न्यायची म्हणजे जादा वजनाचे पैसे. आगगाडीनं न्यायची म्हणजे थ्री टायर एसीत वरच्या बर्थवर पिशवी आणि तिच्या शेजारी कसाबसा मालक. चेंडू, हातमोजे, बूट हे तर किराण्यासारखं, संपतच असतं. ओल्या हवेत हातमोजा किती लवकर जातो हे मला वहीवरून कळतं. कोलकत्याच्या आठवड्यात तो रकाना नेहमी फुगलेला असतो. आमच्या सराफा बाजारातला चाटवाला रात्री गाडी लावतो तेव्हा बटाटे, तेल, पोरांची मजुरी सगळं आधीच खर्च झालेलं असतं, पहिली प्लेट विकली जायच्या आधी. तसंच हे. फरक इतकाच की चाटवाल्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदम अर्धं होत नाही.

एका फटक्याचा हिशेब कसा असतो तो सांगते, कारण तो मलाच समजायला वेळ लागला. मैदानाचे जे ठरलेले फटके असतात त्यांना पार म्हणतात. रेघ समजा पार अधिक दोनवर, म्हणजे ठरलेल्यापेक्षा दोन फटके जास्त, अशी पडली. तुम्ही दोन दिवसांत अधिक तीन आहात. म्हणजे छत्तीस होलांत, दीडशेच्या आसपास फटक्यांत, एक फटका जास्त. सहा फुटांवरून मारलेला एखादा चेंडू होलच्या कडेला लागून वळला असेल, तेवढंच. त्या एका फटक्यापायी पूर्ण आठवडा नावे बाजूला जातो. तेच अधिक दोन असतं तर पुढचे दोन दिवस खेळायला मिळतात, आणि अगदी शेवटी राहिलं तरी खर्च भरून निघण्याजोगं काही हाती येतं. टीडीएस वजा होऊन येतं हे अर्थातच. बँकेत आम्ही एका पैशाच्या फरकासाठी रात्री उशिरापर्यंत ताळा जमवत बसायचो, त्यामुळे एक म्हणजे काहीच नाही असं म्हणणाऱ्यांतली मी नव्हेच. पण एका फटक्याला एवढी किंमत असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

बरोबरी झाली की वाटणी कशी करतात हे मला फार आवडतं. समजा दहाव्या नंबरावर पाचजण आहेत. मग दहा, अकरा, बारा, तेरा आणि चौदा ह्या पाच नंबरांची बक्षिसं एकत्र करून पाचानं भागायची. कुणावर अन्याय नाही, कुणाची वशिलेबाजी नाही. निकालपत्रक बघताना मी आधी ही बेरीज स्वतः करून बघते. अजून कधी चूक सापडलेली नाही, हे संयोजकांच्या हिशेबनिसाचं कौतुक म्हणून नोंदवते.

ह्याहून भारी गोष्ट स्कोअरकार्डाची. क्रिकेटमध्ये धावा लिहायला माणूस बसवलेला असतो. इथे तुमचे फटके तुमच्या बरोबर खेळणारा प्रतिस्पर्धी लिहितो आणि त्याचे तुमच्या गटातलं दुसरं कुणी. फेरी संपल्यावर आपलं कार्ड आपण तपासायचं, सही करायची आणि द्यायचं. एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा लिहिलेला असेल आणि तुम्ही सही केली, तर तुम्ही स्पर्धेतूनच बाद. जास्त लिहिलेला असेल आणि तुम्ही सही केली, तर तोच जास्तीचा आकडा तुमचा. नियमाला दया नाही. माझ्या नोकरीच्या काळात असा नियम आमच्या शाखेत असता तर शाखेत निम्मी माणसं उरली असती. भाच्याला मी पहिल्याच हंगामात सांगून ठेवलंय: भूक लागली असेल, कुणाचा फोन आला असेल, कट चुकल्यामुळे डोळ्यांत पाणी असेल, काहीही असो, आधी अठरा आकडे बोट ठेवून वाच, मग सही कर.

हंगामाचा नकाशा तुमच्या वाचकांना माहीत नसावा म्हणून थोडा देते. वर्षाच्या सुरुवातीचे महिने भरगच्च असतात, मग कडक उन्हाळा आणि पावसात खंड पडतो, आणि पुन्हा दिवाळीच्या मागेपुढे नुसती पळापळ. हैदराबादला गोवळकोंड्याच्या किल्ल्याला लागून मैदान आहे. जयपूरला रामबाग नावाचंच मैदान आहे. आमच्या रामबागेत दोन स्कूट्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, म्हणून भाच्यानं तिथून फोटो पाठवला तेव्हा मी तो वाड्यात सगळ्यांना दाखवला. चंदीगड, दिल्ली, नोएडा, कोलकत्याचं टॉलीगंज, विशाखापट्टणम, कोइमतूर, म्हैसूर, अहमदाबाद, पुण्याचं पूना क्लब, मुंबईत चेंबूरचं मैदान. कधी कोलंबो, कधी बांगलादेशातलं चट्टग्राम. आणि दिग्बोई. आसामात, पार टोकाला, जिथे १९०१ साली तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला तिथे. विमानानं गेलात तरी दिब्रुगडपर्यंत, पुढे रस्ता. वहीत दिग्बोईचं पान उघडलं की मला आधी भाड्याचा रकाना झाकून ठेवावासा वाटतो. भाचा म्हणतो, सगळ्यांत सुंदर मैदान तेच. असेल.

शेवट बहुतेक वर्षी जमशेदपूरला होतो. तिथली गंमत अशी की अर्धी फेरी गोलमुरीच्या मैदानावर आणि अर्धी बेल्डीहच्या. नऊ होल इथे, मग गाडीत बसून तिथे नऊ होल. त्या स्पर्धेची रक्कम नेहमीच्या स्पर्धांहून बरीच मोठी असते, त्यामुळे वर्षभराची यादी त्या एका आठवड्यात उलटीपालटी होऊ शकते.

आणि ह्या यादीसाठीच मी एवढं लिहिते आहे. हंगामभर कोणी किती बक्षीस मिळवलं त्याची एकच यादी असते, ऑर्डर ऑफ मेरिट. तिच्यातल्या पहिल्या नंबराला २०२२ च्या हंगामापासून युरोपातल्या मोठ्या मालिकेचं, डीपी वर्ल्ड टूरचं, कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा परवाना, मिळू लागलं. त्या वर्षी मनू गंडास, २०२३ ला ओमप्रकाश चौहान, २०२४ ला वीर अहलावत. अहलावतनं त्या हंगामात दीड कोटीच्या वर मिळवले. ही बातमी तुम्ही छापता, बरोबरच आहे. पण यादीला दुसरं टोक आहे. वर्षअखेर पहिल्या साठांत असलेल्यांचं कार्ड पुढच्या हंगामासाठी शाबूत राहतं. एकसष्टावा असेल त्याला पुन्हा क्वालिफाइंग स्कूलच्या रांगेत. नाव स्कूल असलं तरी शिकवायला तिथे कुणी नसतं. ती एक चाळणी परीक्षा आहे, जिथे विशीतली ताजी पोरं आणि चाळिशीतले, घरी दोन मुलं शाळेत जाणारे बाप, एकाच होलवर उभे राहतात. आधीची वर्षं कितीही चांगली गेली असोत, तिथे त्यांची किंमत नाही.

साठावा आणि एकसष्टावा यांच्यातलं अंतर कधीकधी एका खोलीच्या भाड्याएवढं असतं. नोव्हेंबर उजाडला की पन्नास ते सत्तर ह्या पट्ट्यातली माणसं मैदानावर खेळत असतात आणि मनातल्या मनात बेरजा मांडत असतात. मला हे माहीत आहे, कारण त्यातल्या एकाची बेरीज मी मांडते आणि रात्री फोनवर सांगते, आणि मग भावजय फोन हिसकावून घेऊन म्हणते, वन्सं, त्याला झोपू द्या.

ह्या पट्ट्यातली पोरं उन्हाळ्यात काय करतात हे त्या लेखाच्या लेखकांना माहीत असेल असं वाटत नाही. सरावाच्या मैदानावर सकाळी सहापासून शिकवण्या घेतात. डॉक्टरांची मुलं, कारखानदारांच्या मुली, निवृत्त कर्नल. त्या शिकवण्यांच्या पैशांवर पुढच्या सहा महिन्यांची तिकिटं निघतात. काहींना नोकरी देणारं खातं मिळतं, काहींना गावचा एखादा व्यापारी टोपीवर आपलं नाव लावायला देऊन थोडी मदत करतो, काहींचे वडील गावाकडचा तुकडा विकतात. २०२४ पासून पीजीटीआयनं नेक्सजेन नावाची धाकटी मालिका सुरू केली आहे. बक्षिसं लहान, पण ज्यांना मुख्य मालिकेत जागा नाही त्यांना खेळत राहायला जागा मिळाली, हे चांगलं झालं. २०२५ मध्ये इंडियन गोल्फ प्रीमियर लीग हा दुसरा तंबूही उभा राहिला. दोन तंबूंत कुणाचं भलं होतं ते कळायला दोनचार हंगाम जावे लागतील. माझ्यापुरतं म्हणाल तर वहीला रकाने वाढले.

आता थोडं आपल्या वृत्तपत्राबद्दल, आणि हे रागावून नाही. खेळाची कदर इंदूरला कुणी शिकवायला नको. होळकरांच्या संघानं चार वेळा रणजी करंडक जिंकला, सी. के. नायडू आमच्याकडे राहिले, आणि २०२२ ला मध्य प्रदेशानं पहिल्यांदा रणजी जिंकली तेव्हा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते म्हणून तुम्ही ती बातमी जवळजवळ मुंबईची असल्यासारखी छापलीत. आम्हाला आवडलं. रजत पाटीदारच्या कप्तानीखाली बंगळुरूनं आयपीएल घेतलं तेव्हाही पान भरून आलं. पण २०२३ च्या डिसेंबरात महूचा एक माणूस, वर ज्याचं नाव आलं तो ओमप्रकाश चौहान, देशाच्या व्यावसायिक गोल्फमध्ये वर्षभराच्या यादीत पहिला आला, त्याला युरोपातलं कार्ड मिळालं, आणि त्याचं गाव आपल्या अंकात मला सापडलं नाही. इथल्या हिंदी पत्रांतही तेव्हा हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकबाकीची बातमी गाजत होती. बत्तीस वर्षांनी मिळणारे ते पैसे, तीच मोठी बातमी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण क्रीडापान तर वेगळं असतं ना?

गोल्फ आपल्या पानावर येतं ते तीन वेळा: ऑलिंपिकला, अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या नावाला अपघात झाला की, आणि क्रिकेटपटूचा संबंध आला की. २०२४ ला कपिल देव पीजीटीआयचे अध्यक्ष झाले तेव्हा फोटोसकट बातमी होती. ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी टोकियोत अदिती अशोक पदकाच्या जवळ पोचली होती, चौथी आली. त्या सकाळी आमच्या वाड्यात बर्डी म्हणजे काय (पारपेक्षा एक फटका कमी) ते मला दहाजणांनी विचारलं. संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं आणि सगळे भाल्याकडे वळले, साहजिकच. पण त्याच टोकियोत पुण्याचा उदयन माने खेळला होता. कुणीतरी माघार घेतल्यानं त्याला ऐनवेळी जागा मिळाली होती. पीजीटीआयवर दहाहून जास्त स्पर्धा जिंकलेला मराठी मुलगा. महाराष्ट्रातल्या किती वाचकांना त्याचं नाव माहीत आहे, हे आपण आपल्या कचेरीतच विचारून बघावं.

मागणी लहान आहे. पुण्याला किंवा चेंबूरला पीजीटीआयची स्पर्धा असेल तेव्हा वार्ताहराला शेवटच्या दिवशी करंडकाचा फोटो काढायला पाठवता, तसा एकदा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठवा. शेवटचे गट आत येत असतात, रेघ अजून हलत असते. तीन तास आधी फेरी संपवून बसलेला माणूस फोनवर आकडे बघत असतो, की कुणीतरी शेवटच्या होलवर एक फटका जास्त घ्यावा आणि आपण आत यावं. मोठ्यानं कुणी तसं म्हणत नाही. चहा गार होतो. खोलीचं आरक्षण आज सोडायचं की शुक्रवारपर्यंत ठेवायचं, हे सहाच्या आत हॉटेलला सांगायचं असतं. त्या वेळी तिथल्या कुणाशीही बोला. सभासदाशी नाही, खेळाडूशी. मग धनदांडग्यांवरचा पुढचा लेख जरूर छापा.

आणि वर्षअखेरीला, पहिल्या नंबराच्या फोटोखाली, दोन ओळींत साठाव्याचं आणि एकसष्टाव्याचं नाव छापा. त्यांची गावंही छापा. जागा फार लागणार नाही, राशिभविष्यातली एक रास एक दिवस कमी केलीत तरी पुरेल. वृश्चिक चालेल, माझीच आहे.

आपली जुनी वाचक,
रामबाग, इंदूर
(नाव छापू नये. भाच्याला ओळखतील.)

ता. क. : पत्र लांबलं आहे हे मला दिसतंय. कापायचं झालं तर पिशवीचा आणि थ्री टायरचा भाग कापा, जयपूरच्या रामबागेचाही चालेल. स्कोअरकार्डावरच्या सहीचा परिच्छेद मात्र पूर्ण ठेवावा. आमच्या जुन्या शाखेतले दोघंतिघं अजून आपला अंक घेतात.